जेरी फॉलवेल कोण होता, हे आम्ही विचारलेच नाही

११ ऑक्टोबर २००२, शुक्रवार. आम्ही सोलापुरात उर्दू शाळेत सातवीला होतो. शहरात बंद होता. अमेरिकेतल्या कोणा पाद्र्याने टीव्हीवर आपल्या नबींबद्दल घाणेरडे शब्द वापरले, एवढेच आमच्या कानावर आले होते. बंदची दगडफेक झाली, दगडफेकीची दंगल झाली, संचारबंदी लागली. माणसे मेली, दुकाने जळाली. दुसऱ्याच दिवशी, १२ तारखेला, त्या पाद्र्याने आपल्या गावातून माफीचे निवेदन काढले. इकडे आम्ही दाराला कडी लावून बसलो होतो.

त्याचे नाव जेरी फॉलवेल. ६ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात तो बोलला होता. काय बोलला ते आम्ही इथे लिहिणार नाही. आमच्या मोहल्ल्यात ते नाव दहा तऱ्हांनी उच्चारले जात होते आणि एकाही तऱ्हेने कोणी विचारत नव्हते की हा माणूस आहे कोण, त्याच्यामागे किती लोक आहेत, त्याला एवढा मान कोण देतो, आणि टीव्हीवाले त्याच्याकडे का जातात. दोन तपे होत आली. अजून आम्ही ते विचारलेले नाही.

विचारले नाही याचा पुरावा आम्हाला जून २०२२ मध्ये मिळाला. त्या महिन्याच्या २४ तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' हा निकाल उलटवला आणि गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. आमच्या टीचर्स रूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी पेपर हातात घेऊन खूश होऊन म्हणाले, "देखा? गोरे लोगां बी आखिर मान गए!" आम्ही त्यांना विचारले, "सर, हे ज्यांनी घडवून आणले त्यांच्यातला पहिला मोठा पुढारी कोण, माहीत आहे?" नाही म्हणाले. ते स्वतः २००२ च्या त्या बंदमध्ये रस्त्यावर होते.

म्हणून हा लेख. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचे आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षावर ज्या धार्मिक उजव्यांची पकड बसली, ती नमाजी-परहेजगार माणसांची चळवळ नाही. ती श्रद्धेतून उभी राहिली नाही, शाळांच्या करमाफीतून उभी राहिली. आणि त्या शाळा काळ्या मुलांना बाहेर ठेवण्यासाठी काढलेल्या होत्या. "ते ख्रिस्ती असले तरी दीनदार आहेत, आपल्या जवळचे आहेत" असे ज्या बांधवांना वाटते, त्यांनी एकदा त्या शाळांच्या हिशेबाची वही पाहावी.

आम्ही बी.एड. केलेले शिक्षक. इतिहास आम्हाला शाळेच्या दारातूनच कळतो, आणि सुदैवाने हा इतिहास शाळेच्या दारातच घडलेला आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत. दक्षिणेतल्या गोऱ्यांनी हे मनावर घेतले, पण उलट्या बाजूने. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये आपल्या सगळ्या सरकारी शाळा बंदच करून टाकल्या आणि त्या १९६४ पर्यंत उघडल्या नाहीत. पाच वर्षे! आपल्याकडे एक तुकडी बंद होणार म्हटले तर आम्ही तालुक्याला धाव घेतो. तिथे गोऱ्यांच्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्यांची मुले घरी बसली. असा प्रकार मग ठिकठिकाणी झाला. मिसिसिपीतल्या होम्स काउंटीचे आकडे आम्हाला पाठ आहेत. १९६९ मध्ये तिथे एकत्र शाळा सुरू झाल्या, तेव्हा सरकारी शाळांतली गोरी मुले एका वर्षात ७७१ वरून २८ वर आली. पुढच्या वर्षी शून्य.

ही सगळी मुले गेली कुठे? चर्चच्या आडोशाने निघालेल्या खासगी शाळांत. नावात 'ख्रिश्चन', प्रवेश फक्त गोऱ्यांना. या शाळा धर्मादाय म्हणून नोंदवलेल्या, म्हणजे त्यांना कर नाही, आणि त्यांना देणगी देणाऱ्यालाही करात सूट. होम्स काउंटीतल्या काळ्या पालकांनी दावा लावला: आमच्या मुलांना उंबऱ्यावरून हाकलणाऱ्या शाळेला आमच्याच सरकारने सवलत का द्यावी? १९७१ मध्ये कोर्टाने त्यांचे म्हणणे मान्य केले. वंशभेद करणारी संस्था धर्मादाय असू शकत नाही, असा कायद्याचा अर्थ ठरला.

फॉलवेलची शाळा याच काळातली. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी तो बॅप्टिस्ट पाद्री होता. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखे धर्मगुरू मोर्चे काढत होते तेव्हा याने प्रवचन दिले की पाद्र्याचे काम आत्मे जिंकणे आहे, राजकारण करणे नव्हे. आणि १९६७ मध्ये लिंचबर्ग ख्रिश्चन अकॅडमी काढली. गावातल्या वर्तमानपत्राने तिची ओळख गोऱ्या मुलांची खासगी शाळा अशीच करून दिली होती. पाद्र्याने राजकारण करू नये हा त्याचा उपदेश काळे लोक रस्त्यावर होते तोवरच टिकला, हे लक्षात ठेवावे.

कर खात्याने पुढे मोठ्या माशाला हात घातला. दक्षिण कॅरोलायनात बॉब जोन्स युनिव्हर्सिटी नावाची कट्टर संस्था आहे. तिने १९७१ पर्यंत एकही काळा विद्यार्थी घेतला नव्हता. मग घेतले ते लग्न झालेलेच घेतले. १९७५ नंतर अविवाहितांना दार उघडले, पण गोऱ्या-काळ्यांनी एकत्र फिरायचे नाही, फिरले तर नाव कमी. याला बायबलचा आधार दिला जाई. जानेवारी १९७६ मध्ये कर खात्याने तिची करमाफी काढून घेतली, तीही १९७० पासूनची. त्या वेळी अध्यक्ष रिपब्लिकन फोर्ड होते. पण राग साचला तो पुढच्या वर्षी गादीवर आलेल्या जिमी कार्टरवर, कारण १९७८ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत कर खात्याने असा नियम सुचवला की ज्या खासगी शाळा एकत्रीकरणाच्या काळात निघाल्या त्यांनी आपण भेदभाव करत नाही हे सिद्ध करून दाखवावे. पत्रांचा पाऊस पडला. १९७९ मध्ये संसदेने त्या नियमावर पैसा खर्च करायलाच मनाई केली.

इथे पॉल वेरिच नावाचा माणूस येतो. हा कॅथलिक, पाद्री नव्हे, संघटक. हेरिटेज फाउंडेशन या संस्थेच्या १९७३ मधल्या संस्थापकांपैकी एक. सत्तरीचे दशकभर तो या 'इव्हँजेलिकल' म्हणजे बायबलचा शब्द न् शब्द मानणाऱ्या, पुनर्जन्म घेतल्यासारखे ख्रिस्ती झालो म्हणणाऱ्या प्रोटेस्टंटांना पक्षाकडे ओढू पाहत होता. गर्भपात सांगून पाहिला, शाळेतली प्रार्थना सांगून पाहिली. ते हलले नाहीत. शाळांची करमाफी जायची वेळ आली तेव्हा हलले. हे आम्ही म्हणत नाही; वेरिच यांनी स्वतः पुढे सांगितले.

आणि गर्भपात? आमच्या त्या सहकाऱ्यांना इथे धक्का बसेल. सदर्न बॅप्टिस्ट हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संप्रदाय. त्याच्या १९७१ च्या अधिवेशनाने ठराव केला की बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला होणारी इजा अशा कारणांसाठी गर्भपाताची मुभा देणारा कायदा व्हावा. 'रो' चा निकाल आला १९७३ मध्ये. तेव्हा गर्भपाताला विरोध करणारे होते ते मुख्यतः कॅथलिक, आणि त्यांचा विरोध जुना व प्रामाणिक होता. त्यांच्याबद्दल आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. फॉलवेलच्या पंथाने तो प्रश्न उचलला सत्तरीच्या शेवटी. गोऱ्या मुलांची शाळा वाचवा, असे घोषवाक्य देशभर चालत नाही. बाळ वाचवा, हे चालते.

(जाता जाता: गर्भात रूह केव्हा येते, १२० दिवसांपूर्वीचा हुकूम वेगळा की नाही, यावर आपल्या फिकहमध्ये शतकानुशतके चर्चा आहे आणि मजहबांमध्ये मतभेद आहेत. दुसऱ्याचा झेंडा उचलताना निदान आपल्या घरातली किताब उघडून पाहावी.)

१९७९ मध्ये फॉलवेल आणि वेरिच यांनी 'मॉरल मेजॉरिटी' उभी केली. पुढच्या वर्षी निवडणूक होती. एका बाजूला जिमी कार्टर: स्वतः पुनर्जन्म घेतलेला बॅप्टिस्ट, एकाच बायकोचा नवरा, रविवारी चर्चमध्ये मुलांना-मोठ्यांना बायबल शिकवणारा. अध्यक्षपद गेल्यावरही हा माणूस आपल्या खेड्यातल्या चर्चमध्ये नव्वदी ओलांडेपर्यंत शिकवत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये शंभराव्या वर्षी वारला. दुसऱ्या बाजूला रोनाल्ड रेगन: सिनेनट, घटस्फोटित, आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना गर्भपात सैल करणाऱ्या कायद्यावर सही केलेला. धर्माची चळवळ असती तर ती कुणाच्या मागे गेली असती? ती रेगनच्या मागे गेली. रेगनच्या पक्षाच्या १९८० च्या जाहीरनाम्यात कर खात्याने खासगी शाळांमागे लावलेला ससेमिरा थांबवू, असे लिहून दिलेले होते. ऑगस्टमध्ये डॅलसला हजारो पाद्र्यांसमोर रेगन म्हणाले की तुम्हाला मला पाठिंबा देता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो. टाळ्यांनी सभागृह दणाणले. त्याच मेळाव्यात वेरिच यांनी सरळ सांगितले की सगळ्यांनी मतदान करावे असे मला वाटत नाही. मतदार कमी झाले की आपले वजन वाढते. हे वाक्य त्या चळवळीच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा खरे आहे.

बॉब जोन्सचे पुढे काय झाले तेही सांगतो. १९८२ मध्ये रेगन सरकारने तिची करमाफी परत देण्याचा घाट घातला, बोभाटा झाला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. तरी गोऱ्या-काळ्यांनी एकत्र फिरायचे नाही हा नियम संस्थेने सोडला नाही. तो सोडला २००० मध्ये, कारण फेब्रुवारीत धाकटे बुश मते मागायला तिथे गेले आणि देशभर छी-थू झाली. म्हणजे देवाचा म्हणून सांगितलेला नियम मार्चमध्ये उमेदवाराच्या सोयीने गेला.

'मॉरल मेजॉरिटी' १९८९ मध्ये गुंडाळली गेली. अनेकांना वाटले, संपले. त्याच वर्षी टीव्हीवरचे प्रचारक पॅट रॉबर्टसन यांनी 'ख्रिश्चन कोअलिशन' काढली आणि राल्फ रीड या तिशीच्या आतल्या पोराच्या हाती कारभार दिला. रीडचे म्हणणे असे की मला एक राष्ट्राध्यक्ष नको, हजार स्कूल बोर्ड मेंबर पाहिजेत. आमच्यासारख्या शिक्षकाला हे वाक्य झोप उडवणारे आहे. अमेरिकेत गावोगावची शाळा निवडून आलेले बोर्ड चालवते. तिथे मतदानाला माणसे येतात मूठभर. चर्चच्या यादीतली शंभर घरे बाहेर काढली की बोर्ड आपले. पुस्तक कुठले, वाचनालयात काय, विज्ञानाच्या तासाला काय, सगळे आपले. निवडणुकीआधीच्या रविवारी चर्चमध्ये पत्रके वाटली जात: कोणता उमेदवार कोणत्या प्रश्नावर कुठे उभा आहे. कोणाला मत द्या असे त्यात लिहिलेले नसे. लिहायची गरजच नसे. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकले, त्यात या पत्रकांचा हात होता.

ही चळवळ रस्त्यावर दगड मारून वाढलेली नाही. यादी करून वाढली. न्यायाधीशांचीसुद्धा यादीच. २०१६ मध्ये दर दहा गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी आठांनी मत दिले ते तीन लग्ने केलेल्या, जुगाराचे अड्डे चालवलेल्या डोनाल्ड ट्रम्पना. आणि फॉलवेलच्या मुलाने जानेवारीतच त्यांना पाठिंबा देऊन टाकला होता. मोबदला चोख मिळाला. ट्रम्पनी सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायाधीश नेमले. तिघेही २०२२ च्या निकालात 'रो' उलटवणाऱ्यांत होते. सौदा सचोटीने पूर्ण झाला, एवढे आम्ही मान्य करतो.

आता एक साधा प्रश्न. तेच बायबल, तोच येशू, तीच रविवारची प्रार्थना काळ्या चर्चमध्येही असते, आणि बहुधा जास्त आवाजात असते. मग काळे प्रोटेस्टंट प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला मत का देतात? धर्मच मत ठरवीत असता तर दोन्ही चर्चची मते एका पेटीत पडली असती. सदर्न बॅप्टिस्ट संप्रदाय १८४५ मध्ये वेगळा झाला तोच गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू घेऊन. त्याबद्दल माफी मागितली १९९५ मध्ये. दीडशे वर्षे लागली.

आपल्या वाचकांच्या मनात इस्राएल आल्याशिवाय राहणार नाही. आमचे वक्ते माइक हातात आला की म्हणतात, अमेरिका यहुदी चालवतात. अमेरिकेतले बहुसंख्य यहुदी त्या पक्षाला मत देत नाहीत, हे त्यांना कोणी सांगत नाही. १४ मे २०१८ रोजी जेरुसलेममध्ये अमेरिकेचा दूतावास उघडला तेव्हा आरंभीची दुआ मागणारा आणि शेवटची दुआ मागणारा हे दोघे टेक्सासचे पाद्री होते, रॉबर्ट जेफ्रेस आणि जॉन हेगी. त्यांच्यासारख्या अनेकांच्या समजुतीप्रमाणे यहुदी त्या भूमीत गोळा झाले की शेवटचा काळ येणार, आणि त्यात यहुद्यांनी येशूला मानायचे किंवा नष्ट व्हायचे. ही मैत्री नव्हे. पण गाझातल्या मुलावर पडणाऱ्या बॉम्बला पैसे पुरवायला ती पुरेशी आहे, आणि आमचे वक्ते मात्र चुकीच्या दारावर थाप मारत बसले आहेत.

आता आपल्या लोकांकडे येतो, कारण भांडण खरे तर इथे आहे.

अमेरिकेतल्या मुसलमानांनी या पक्षाशी जवळीक करून पाहिलेली आहे. ऑक्टोबर २००० मध्ये तिथल्या प्रमुख मुस्लिम संघटनांच्या संयुक्त समितीने धाकट्या बुशना पाठिंबा जाहीर केला. कुटुंब, अब्रू, धर्म, सगळे जुळते आहे असे वाटले होते. गुप्त पुराव्यावर अरबांना अडकवण्याविरुद्धही बुश वादविवादात बोलले होते. वर्षभरात पॅट्रियट कायदा आला. त्यानंतर २०१० मध्ये टेनेसीतल्या मर्फ्रीजबरोत मशीद बांधायला निघाले तर विरोधकांनी कोर्टात मुद्दा काढला की इस्लाम हा धर्मच नाही. धर्मस्वातंत्र्याचा जप करणाऱ्यांचे धर्मस्वातंत्र्य हे असे.

जून २०१८ या एकाच महिन्याकडे पाहा. ४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोच्या एका ख्रिस्ती केकवाल्याच्या बाजूने निकाल दिला, कारण राज्याच्या आयोगातले लोक त्याच्या धर्माविषयी तुच्छतेने बोलले होते. २६ तारखेला त्याच न्यायालयाने ट्रम्पची प्रवेशबंदी उचलून धरली. मुसलमानांना देशात येऊ देऊ नये असे ट्रम्प २०१५ पासून जाहीर सभांत सांगत असूनही. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी भिन्न मतपत्रिकेत या दोन निकालांवर बोट ठेवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अलाबामात एका मुसलमान कैद्याला मृत्युदंड व्हायचा होता. शेवटच्या क्षणी इमाम जवळ असावा, एवढेच त्याचे मागणे. तुरुंगाचा ख्रिस्ती पाद्री त्या खोलीत येऊ शकत होता, इमाम नाही. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने मृत्युदंडाला वाट मोकळी केली. सात आठवड्यांनी टेक्सासात एका बौद्ध कैद्याने आपल्या धर्मगुरूसाठी तेच मागितले, तेव्हा मात्र न्यायालयाने मृत्युदंड थांबवला. तोवर लोक बोलू लागले होते.

इमानाने दुसरी बाजूही लिहितो. २०१५ मध्ये एका मुसलमान कैद्याला दाढी ठेवण्याचा हक्क याच न्यायालयाने एकमताने दिला. त्याच वर्षी हिजाब घालणाऱ्या मुलीला नोकरी नाकारण्याच्या खटल्यात तिच्या बाजूचा निकाल लिहिला तो उजव्यांचे लाडके न्यायमूर्ती स्कालिया यांनी. जून २०२५ मध्ये 'महमूद विरुद्ध टेलर' या खटल्यात मेरीलँडच्या पालकांना, त्यात मुसलमानही होते आणि ख्रिस्तीही, समलिंगी विषयावरच्या गोष्टींच्या तासाला मुलांना वर्गाबाहेर ठेवण्याचा हक्क मिळाला. दाढीचा आणि हा, दोन्ही खटले लढवणारी संस्था एकच, बेकेट. आम्ही शिक्षक असूनही त्या पालकांचा हक्क आम्हाला मान्य आहे. पण २०२४ मध्ये लुइझियानाने प्रत्येक सरकारी वर्गात बायबलच्या दहा आज्ञा टांगण्याचा कायदा केला आणि २०२५ मध्ये टेक्सासने त्याचा कित्ता गिरवला, तेव्हा मुसलमान मुलाने कोणत्या भिंतीकडे तोंड करून बसावे, हे त्यांच्या त्या मित्रांना कोणी विचारले? कायदे कोर्टात गेले. नेणाऱ्यांत इतर पंथांचे लोक होते, यहुदी होते, नास्तिक होते.

मिशिगनमधले हॅमट्रॅमिक हे छोटे शहर. तिथली कौन्सिल पूर्ण मुसलमानांची, वस्तीत येमेनी आणि बांगलादेशी मोठ्या संख्येने. जून २०२३ मध्ये कौन्सिलने शहराच्या जागेवर समलिंगींचा झेंडा लावायला मनाई केली. उजवे खूश झाले, कौतुक झाले. २०२४ मध्ये तिथल्या तेव्हाच्या मुस्लिम महापौरांनी ट्रम्पना पाठिंबा दिला. गाझाचा संताप होता, तो आम्हालाही आहे. ४ जून २०२५ रोजी ट्रम्पनी बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. त्या यादीत येमेन होते.

या सगळ्यावर आमच्या त्या सहकाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: "मग काय बेहयाईच्या बाजूने उभे राहायचे?" नाही, जनाब. आपला हराम-हलाल आपण पाळू, कोणी अडवलेले नाही. पण ज्या पक्षाने धर्माची पावती फाडून रंगभेदाच्या शाळेचा कर वाचवला, त्याच्या दारात आपण कशासाठी जोडे काढून उभे राहायचे, हे आम्हाला समजावून सांगा. ज्यांना आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी पुढच्या वर्षीच्या अंकात जरूर लिहावे. संपादक जागा देतील. फक्त सुरुवात १९७३ च्या गर्भपाताच्या निकालापासून करू नये. होम्स काउंटीतल्या शाळेच्या हजेरीपटापासून करावी.